चेपलेल्या पत्र्याचा हिशेब

मोटार शर्यतीत एखादी मुलगी जिंकली की दोन-चार दिवसांत ते वाक्य कुणीतरी म्हणतंच: हेल्मेट डोक्यावर चढलं की आत बाई आहे की पुरुष, हे गाडीला कळत नाही. त्याच्या पुढचं वाक्यही ठरलेलं असतं, की म्हणून मोटार शर्यत हा सगळ्यांत समतेचा खेळ. ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्याच्या डायना पंडोले यांनी चेन्नईजवळच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर एमआरएफच्या राष्ट्रीय कार रेसिंग स्पर्धेत सलून गटाचं विजेतेपद मिळवलं, तेव्हाही हे म्हटलं गेलं. म्हणणारे प्रतिगामी नव्हते. मुलींनी पुढे यावं असं मनापासून वाटणारेच होते, आणि माझा राग त्यामुळेच जास्त आहे. विरोधकाच्या भोंगळ युक्तिवादाने फारसं बिघडत नाही. आपल्या बाजूच्या माणसाचा भोंगळ युक्तिवाद मात्र शाळेत, क्लबात, प्रायोजकाच्या कचेरीत धोरण होऊन बसतो.

त्याआधी ‘पहिली’ या बिरुदाचं आटोपून घेऊ; त्याला फार जागा द्यावी असं त्यात काही नाही. कार रेसिंगमध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला, असं पंडोले यांच्याबद्दल छापून आलं. चेन्नईच्या अलिशा अब्दुल्ला यांच्या नावामागेही जवळपास हेच बिरुद कितीतरी वर्षं लागत आलं आहे. गट वेगळा, व्याख्या वेगळी. दोघीही आपापल्या जागी पहिल्या असतील. रेल्वेतही तेच. साताऱ्याच्या सुरेखा यादव ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस रेल्वेच्या इंजिनावर चढल्या, २०११ मध्ये त्यांनी डेक्कन क्वीन चालवली, २०२३ मध्ये वंदे भारत, आणि २०२५ मध्ये त्या निवृत्त झाल्या. वर्तमानपत्रांच्या लेखी त्या शेवटच्या दिवसापर्यंत ‘पहिल्या’च होत्या. एवढ्या नोकरीत बाईला दुसरं काही होताच येऊ नये, हा मान की शिक्षा, ते ज्याचं त्याने ठरवावं.

हेल्मेटच्या युक्तिवादाला असं उडवून लावता येत नाही, कारण त्यातले तपशील खरे आहेत. कुस्ती, कबड्डी, क्रिकेट, सगळीकडे बायकांचा गट वेगळा. मोटार शर्यतीत सगळे एकाच रांगेतून सुटतात आणि एकाच घड्याळाने मोजले जातात. १९७५ च्या स्पॅनिश ग्रां प्रीत इटलीच्या लेला लोम्बार्डी सहाव्या आल्या. १९८२ मध्ये फ्रान्सच्या मिशेल मुतों जागतिक रॅली अजिंक्यपदात दुसऱ्या आल्या, तेही सगळ्यांच्या एकत्रित क्रमवारीत. अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यतींचा दाखला तर या मंडळींचा विशेष आवडता. या शर्यतीच्या गाड्या दिसायला रस्त्यावरच्या गाड्यांसारख्या. सुरुवातीच्या काळात तर त्या खरोखरच दुकानातून आणलेल्या असत. आपल्याकडचा सलून गट त्याच जातकुळीतला. पंडोले ज्या गटात जिंकल्या त्यातली गाडी टोयोटा इटिऑसवर बेतलेली असते, म्हणजे आपण टॅक्सी म्हणून जिच्यात बसलो ती. स्टॉक कार शर्यतीचं मूळ दारूबंदीच्या काळात डोंगरातून चोरटी दारू पळवणाऱ्या पोरांच्या गाड्यांमध्ये आहे, असं सांगतात. चोर्ला घाटातून गोव्याची बाटली कशी येते हे ज्यांना ठाऊक आहे, त्या बेळगावकरांना ही पूर्वपीठिका समजावून सांगायला नको. १९४८ मध्ये नॅसकार ही संस्था स्थापन झाली आणि जून १९४९ मध्ये शार्लटला तिच्या मुख्य मालिकेची पहिलीच शर्यत झाली. त्या पहिल्याच शर्यतीत सारा ख्रिश्चन नावाची बाई होती. त्याच वर्षी ऑक्टोबरात पिट्सबर्गजवळच्या शर्यतीत ती पाचवी आली. दार पहिल्या दिवसापासून उघडं होतं, असं हेल्मेटवाले म्हणतात. खरं आहे.

आता याच हिशेबाची पुढची ओळ वाचू. १९४९ पासून आजपर्यंत नॅसकारच्या त्या सर्वोच्च मालिकेत एकाही बाईने एकही शर्यत जिंकलेली नाही. पाऊणशे वर्षं झाली. खेळ जर खरोखर समतेचा असेल, गाडीला जर काहीच कळत नसेल आणि दार जर पहिल्या दिवसापासून उघडं असेल, तर या कोऱ्या रकान्याचा अर्थ एकच निघतो: बायकांना जमत नाही. हेल्मेटवाल्यांना हा निष्कर्ष नको असतो, पण त्यांनी मांडलेल्या गृहीतकांतून दुसरा निघतच नाही. बायका मुळातच सावध, त्यांना वेग झेपत नाही असं म्हणणारा गडी यांच्याच तर्कावर आरामात बसून राहतो. (त्याला मी वेगळं उत्तर देणार नाही. मुतोंच्या मागे राहिलेल्या चालकांची यादी त्याने वाचावी.)

चूक होते ती शर्यत कुठून मोजायची यात. हिरवा दिवा ते झेंडा, एवढीच शर्यत मोजली तर समता दिसते. पण त्या अर्ध्या तासात चालक काही शिकत नसतो, आधी शिकलेलं खर्च करत असतो. शिकणं त्याआधीच्या आठ-दहा वर्षांत झालेलं असतं. ते कसं होतं हे जरा बारकाईने पाहावं लागेल, कारण माझं सगळं म्हणणं त्यावर उभं आहे.

टायर रस्त्याला किती धरून ठेवेल याला एक हद्द असते. वळणात गाडी त्या हद्दीच्या अलीकडे राहिली तर वेळ वाया जातो, पलीकडे गेली की मागचा भाग सुटतो. ती हद्द डोळ्यांना दिसत नाही. डांबराची उष्णता, टायरची झीज, टाकीतलं पेट्रोल, ब्रेकवर पाय किती जोरात पडला, या सगळ्यावर ती दर फेरीला बदलते. कुठल्याही प्रशिक्षकाने तोंडी सांगून ती कळत नाही. ती ओलांडली की कळते, आणि ओलांडल्याची किंमत बहुधा पत्र्यात मोजावी लागते. स्टॉक कारमध्ये तर दरवाजाला दरवाजा घासत तीनशेच्या वेगाने जायचं असतं; धक्का देणं आणि धक्का खाऊन गाडी सरळ ठेवणं हा तिथे अपघात नसून कसबाचाच भाग आहे. हल्ली संगणकावरच्या सिम्युलेटरमध्ये फुकट ठोकता येतं, असं कुणी म्हणेल. वळणाची रेघ त्यावर पाठ होते, हे मान्य. पण अंगाला हिसका बसत नाही आणि खिशालाही बसत नाही. आणि ज्याच्या खिशाला हिसका बसतो तोच पुढे गाडी द्यायची की नाही हे ठरवत असतो.

म्हणून मी दोन गोष्टी वेगळ्या धरतो. एक पहिली गाडी आणि एक दुसरी गाडी. पहिली गाडी म्हणजे बसायला मिळालेली: निवड झाली, परवाना मिळाला, फोटो निघाला. दुसरी गाडी म्हणजे पहिली ठोकल्यानंतर मिळालेली. आपली सगळी चर्चा, कौतुक, योजना, आरक्षण पहिल्या गाडीपाशी संपतं. चालक मात्र दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या गाडीत तयार होतो. मुलगा आणि मुलगी यांच्यातला फरक पहिल्या गाडीत आता फारसा उरलेला नाही, हे मी हेल्मेटवाल्यांना मोकळेपणाने देऊन टाकतो. तो सगळा दुसऱ्या गाडीत जाऊन बसला आहे.

जॅनेट गथ्रीची गोष्ट या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. भौतिकशास्त्राची पदवी, विमानं बनवणाऱ्या कंपनीत अभियंता, स्वतःच्या जॅग्वार गाडीचं इंजिन स्वतः उघडून जोडणारी ही बाई १९७६ मध्ये इंडियानापोलिसला पाचशे मैलांच्या शर्यतीसाठी पोचली. तिला मिळालेली गाडी पात्रतेसाठी पुरेशी वेगवान नव्हती. चर्चा पेटलेली, बाईला जमतं का नाही म्हणून. तेव्हा ए. जे. फॉइट या नामांकित चालकाने आपली जादा गाडी तिला सरावासाठी दिली. त्या गाडीत तिने पात्रतेला पुरेल असा वेग काढून दाखवला. फॉइटने पात्रता फेरीसाठी मात्र ती गाडी दिली नाही. अमेरिकेत ही गोष्ट फॉइटच्या दिलदारपणाची म्हणून सांगतात, आणि त्याच्यावर चिडण्याचं खरंच काही कारण नाही. परक्या संघाच्या चालकाला एका सकाळपुरती गाडी देणं हाही मोठेपणाच. पण गथ्रीच्या बाजूने पाहा. सिद्ध करायला गाडी मिळाली, शर्यत करायला नाही. एका सकाळीत, उसन्या गाडीत, एकही ओरखडा न पाडता, सगळ्या देशासमोर तिला आपला वेग दाखवायचा होता. त्या मैदानावरच्या कुठल्या पुरुषाने आपल्या कारकिर्दीची सुरुवात या अटींवर केली होती?

त्याच महिन्यात ती शार्लटला स्टॉक कारच्या सहाशे मैलांच्या शर्यतीत उतरली. ती गाडी घेणारी मालकीणही एक बाईच होती, बँकेत काम करणारी. गथ्री पंधरावी आली. १९७७ मध्ये डेटोना ५०० मध्ये बारावी आणि नवख्यांमध्ये पहिली; त्याच वर्षी इंडियानापोलिस ५०० मध्ये उतरणारी ती पहिली बाई ठरली. पुढच्या वर्षी तिथेच, मोडलेल्या मनगटाने, नववी. नॅसकारच्या मुख्य मालिकेत तिच्या एकूण ३३ शर्यती झाल्या. मग प्रायोजक मिळेनासे झाले आणि १९८० नंतर कारकीर्द संपली. वेग कमी झाला म्हणून नव्हे. पुढची गाडी आली नाही म्हणून.

हे सगळं अमेरिकेतलं झालं. आता आमच्याकडे, बेळगावच्या सीमाभागात या.

निपाणी-चिकोडी पट्ट्यात गाडी शिकण्याची शाळा म्हणजे ट्रॅक्टर. तेरा-चौदा वर्षांचा पोरगा उसाच्या हंगामात कुणाच्या तरी मांडीवरून स्टेअरिंगवर सरकतो. अल्पवयीनाने रस्त्यावर वाहन चालवलं तर पालकाला पंचवीस हजारांचा दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्यात आहे. रानात ती पोचत नाही, आणि मी त्या पोरांचं समर्थन करत नाही. फक्त शिक्षण कसं होतं ते पाहतो आहे. पोरगा ट्रॉली मागे घेताना गेटचा खांब पाडतो. बांधावर चाक चढवतो. शिव्या बसतात, क्वचित एखादी कानाखालीही बसते, आणि दुसऱ्या दिवशी किल्ली पुन्हा त्याच्याच हातात असते, कारण ऊस कारखान्याला जायचा असतो. चार वर्षांनी तोच पोरगा जत्रेतल्या ट्रॉली रिव्हर्स स्पर्धेत जोडट्रॉली अशी सरळ मागे नेतो की बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. पाडलेल्या खांबाची गोष्ट तेव्हा बापच हसत सांगतो.

त्याच घरातली मुलगी कॉलेजसाठी स्कूटी चालवते. आता यात नवल राहिलेलं नाही. बेळगावच्या खानापूर रोडवर सकाळी जाऊन बघावं. पण स्कूटीचा आरसा मोडला की किल्ली दोन महिने खुंटीला जाते. मुलाने पाडलेला खांब त्याच्या एकट्याच्या नावावर पडतो, मुलीने मोडलेला आरसा सगळ्या बायकांच्या. तिला गाडी गरजेसाठी दिलेली असते: क्लासला जा, आजीला दवाखान्यात ने, येताना दळण आण. हौसेसाठी गाडी पळवणं ही गोष्ट त्या करारात नाही. आणि शर्यत ही शेवटी हौसच आहे. गरजेपोटी कुणी वळणावर हद्द शोधायला जात नाही.

आता कुणी म्हणेल, पैशाचा खेळ आहे, गरिबाच्या मुलालाही दुसरी गाडी कुठे मिळते? बरोबर, पण आमच्या भागात पैसा नाही हे मला पटवू नका. उसाचा आहे, तंबाखूचा आहे, उद्यमबागेतल्या फाउंड्रीचा आणि मशीनशॉपचा आहे. इंजिनांचे भाग इथे ओतले जातात, घासले जातात. निपाणीहून तासाभरात कोल्हापूर गाठता येतं, आणि कोल्हापुरात मोहितेंच्या रेसिंग अकॅडमीचा कार्टिंग ट्रॅक आहे. राष्ट्रीय कार्टिंग मालिकेच्या फेऱ्या तिथे झाल्या आहेत. ध्रुव मोहिते, कृष्णराज महाडिक ही कोल्हापूरचीच नावं. महाडिक तर ब्रिटिश फॉर्म्युला ३ पर्यंत गेले. त्या घरांनी आपल्या मुलांवर पैसा लावला, यात गैर काहीच नाही, उलट तसाच लावावा लागतो. शर्यतीच्या बैलजोडीचंही तसंच. यंदा बारी हरली म्हणून कुणी बैल विकत नाही. खुराक चालू राहतो, पुढच्या जत्रेची वाट पाहिली जाते. हरण्यावर पैसा लावायची रीत या मातीत आहे. ती फक्त मुलीपर्यंत आलेली नाही.

सीमाभागातल्या माणसाने हेल्मेटच्या युक्तिवादाला भुलावं याचं तर मला विशेष आश्चर्य वाटतं. गाडीला कळत नाही, ठीक. पण गाडीकडे बघणाऱ्याला कळतं, हे आमच्याइतकं कुणी अनुभवलं आहे? केए २२, केए २३, एमएच ०९ ही अक्षरं आम्ही चालकाच्या चेहऱ्याआधी वाचतो. डिसेंबर २०२२ मध्ये बेळगावजवळच्या हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्र पासिंगच्या ट्रकांवर दगड पडले, तेव्हा आत कोण बसलं आहे, कोणती भाषा बोलतो, हे कुणी विचारलं नव्हतं. ट्रकला स्वतःचं पासिंग माहीत नव्हतं म्हणून काच वाचली नाही. शर्यतीच्या गाडीवरही पाटी असते, चालकाच्या नावाची. स्टँडमधला प्रेक्षक, पिटमधला मेकॅनिक, बिल भरणारा प्रायोजक, सगळे ती वाचतात.

सरकारच्या योजनाही पहिल्या गाडीच्या अलीकडेच थांबतात. कर्नाटकात शक्ती योजनेखाली ११ जून २०२३ पासून बायकांना साध्या सरकारी बसचा प्रवास मोफत आहे. महाराष्ट्रात त्याच वर्षी १७ मार्चपासून एसटीत अर्धं तिकीट. निपाणीच्या स्टँडवर या दोन राज्यांच्या उदारपणाची तुलना हा रोजचा विषय. कामाला, बाजाराला, माहेरी जाणाऱ्या बाईचे पैसे वाचतात, तिचं बाहेर पडणं वाढतं. मी या योजनांना नावं ठेवणाऱ्यांतला नाही. पण दोन्हींत बाई प्रवासी आहे, एवढं नोंदवून ठेवतो.

निपाणी म्हटलं की बाहेरच्यांना १९८१ चं तंबाखू आंदोलन, महामार्गावरचा ठिय्या आणि ६ एप्रिलचा गोळीबार आठवतो. मला या विषयात आठवते ती छाट. बिडी वळणाऱ्या बाईने हजार बिड्या आणल्या की कारखानदाराचा माणूस त्यातल्या खराब म्हणून काढून टाकी. काढलेल्यांची मजुरी नाही, आणि बहुतेक वेळा त्या बिड्याही परत नाहीत. किती छाट काढायची हे तोच ठरवणार. बिडी कामगार बायकांच्या संघटनांनी मजुरीच्या दराइतकीच झुंज या छाटीशी दिली आहे. काम शिकणाऱ्या पोरीच्या हातून चुका होणारच, आणि प्रत्येक चूक तिच्याच पदरातून वजा होणार, या व्यवस्थेत आमच्या बायकांच्या दोन-तीन पिढ्या गेल्या. अशा घरातली मुलगी सावध असते यात निसर्गाचा भाग शोधायला मला तरी जावं लागत नाही.

हेल्मेटवाल्यांचा शेवटचा बुरूज म्हणजे घड्याळ. घड्याळ खोटं बोलत नाही, मुलीने वेळ काढून दाखवावी, प्रायोजक आपोआप येतील. एक तर वेळ काढायलाच वर म्हटलेल्या पाच गाड्या लागतात. दुसरं, घड्याळाचे नियम माणसंच लिहितात. २००५ मध्ये डॅनिका पॅट्रिक इंडियानापोलिसला चमकली तेव्हा रॉबी गॉर्डन या चालकाने तक्रार केली, की तिचं वजन कमी असल्याने तिला अन्यायाने फायदा मिळतो. २००८ पासून इंडीकार मालिकेत चालकाचं वजन हिशेबात धरण्याचा नियम आला. नियम बरा आहे, मला मान्य आहे. पण फॉर्म्युला २ च्या गाडीला पॉवर स्टेअरिंग नाही, ती वळवायला खांद्यांत आणि दंडांत जो जोर लागतो तो बाईला कमी पडतो, असं म्हटलं की उत्तर येतं, व्यायाम वाढवा. शरीराचा फायदा बाईला मिळाला की तो अन्याय आणि तोटा झाला की तो निसर्ग, एवढी समता.

याच डॅनिका पॅट्रिकबद्दल मला एक वेगळं कौतुक आहे, आणि ते तिच्या विजयाबद्दल नाही. तिने २००८ मध्ये जपानच्या मोटेगीला इंडीकार शर्यत जिंकली, २०१३ मध्ये डेटोना ५०० साठी सर्वांत वेगवान पात्रता वेळ दिली, हे सगळं खरंच. पण नॅसकारच्या मुख्य मालिकेत ती १९१ शर्यती धावली, पहिल्या दहात फक्त सात वेळा आली, आणि पुष्कळ वेळा ठोकली. जाहिरातीच्या जोरावर टिकली, असं तिचे टीकाकार म्हणतात. टिकली असेल. १९१ शर्यती मध्यम दर्जाने धावलेले पुरुष त्या मालिकेत किती झाले, त्यांची नावंही कुणाला आठवत नाहीत, आणि त्यांना कुणी त्यांच्या टिकण्याचं कारण विचारलं नाही. गथ्रीला ३३ मिळाल्या, पॅट्रिकला १९१. प्रगती मोजायचीच तर मी या दोन आकड्यांमध्ये मोजेन. तिच्या नंतरची हेली डीगन. बाप ब्रायन डीगन मोटोक्रॉसमधला नावाजलेला, घरात लहानपणापासून मोडायला यंत्रं. २०१८ मध्ये तिने नॅसकारच्या पश्चिम विभागीय मालिकेत शर्यत जिंकली, तशी जिंकणारी ती पहिली मुलगी. २०२४ मध्ये वरच्या पायरीवर निकाल लागेनात, तेव्हा हंगामाच्या मध्यात तिची जागा गेली. बापाची पुण्याई किती पायऱ्या पुरते, याचा हा अंदाज.

आपल्याकडे दुसऱ्या गाडीचं सर्वांत स्वच्छ उदाहरण बेंगळुरूच्या ऐश्वर्या पिसे यांचं आहे, आणि ते मोटारसायकलवरचं आहे. २०१८ मध्ये स्पेनमधल्या बाहा शर्यतीत त्या पडल्या, स्वादुपिंडाला गंभीर इजा झाली. पुढच्याच वर्षी त्यांनी एफआयएमच्या बाहा विश्वचषकात महिलांचं विजेतेपद मिळवलं. जिद्द, इच्छाशक्ती वगैरे सगळं लिहून झालं आहे. पाठीशी टीव्हीएससारख्या कारखान्याचा संघ होता हे तेवढ्या ठळकपणे लिहिलं गेलं नाही. पडलेल्या चालकाला परत गाडीवर बसवायची कारखान्याच्या संघाला सवय असते. इच्छाशक्ती तिची, मोटारसायकल त्यांची. यातलं एक वजा करून बघावं. आमच्या तुरमुरीच्या मलप्रभा जाधव यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत कुराशमध्ये कांस्य मिळवलं. त्या ज्युदोतून आलेल्या, आणि ज्युदोत पहिले कित्येक दिवस फक्त पडायला शिकवतात. तिथे पडण्याची किंमत मॅट सोसते. म्हणून एका खेड्यातली मुलगी तिथून जकार्तापर्यंत जाऊ शकली.

बायकांच्या वेगळ्या मालिका हव्यात की नकोत, या वादात मला रस नाही. पण एक गोष्ट त्या वादात हरवते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या डब्ल्यू सिरीजमध्ये चालकांना पैसे भरावे लागत नव्हते; गाड्या मालिकेच्या मालकीच्या होत्या. जेमी चॅडविकने ती तीनदा जिंकली. २०२३ मध्ये पैशाअभावी मालिका बंद पडली, आणि तिच्या जागी आलेल्या एफ१ अकॅडमीत पहिल्या वर्षी प्रत्येक चालकाने दीड लाख युरो आणायचे, तेवढेच आयोजक घालणार, अशी रचना झाली. ‘फक्त बायकांसाठी’ हे दोन्हींत समान. फरक बिल कुणी भरायचं यात होता, आणि त्यावर कुठे परिसंवाद झाल्याचं मला आठवत नाही. आपल्या इंडियन रेसिंग लीगमध्ये गोवा एसेससह प्रत्येक संघात एक बाई असलीच पाहिजे असा नियम आहे. चांगला नियम, पहिल्या गाडीचा.

पंडोले २०१८ मध्ये महिलांसाठीच्या एका निवड कार्यक्रमातून या खेळात आल्या आणि २०२४ मध्ये विजेत्या झाल्या. त्यानंतर फेरारीच्या मध्यपूर्वेतल्या चॅलेंज मालिकेसाठी त्यांचं नाव जाहीर झालं. त्या शिक्षिका होत्या, त्यांना मुलगी आहे, हे सगळ्या बातम्यांत आलं. मला त्या मधल्या सहा वर्षांबद्दल वाचायचं होतं. किती वेळा गाडी भिंतीला लागली, डेंटिंगचं बिल कुणी भरलं, कोणत्या हंगामात पैसे संपले, कुणी म्हटलं की यंदा राहू दे. चालक तिथे घडला. वार्ताहर पोडियमवर उभे होते.

सगळ्यांना एकाच बनावटीची गाडी असते अशा मालिकांत साधारण पद्धत अशी असते, की ठरलेले पैसे भरून चालक येतो आणि झालेल्या नुकसानीचं बिल त्याच्या नावावर लागतं. प्रायोजक मुलीची नोंदणी भरतो, फोटो काढतो, आणि या बिलाच्या ओळीवर त्याची सही नसते. मग ती काय करेल? वळणात पाच मीटर आधी ब्रेक मारेल. आठवी येईल. पुढच्या वर्षी प्रायोजक म्हणेल, बघितलं ना, संधी दिली होती.

आमच्या भागातल्या एखाद्या साखर कारखान्याने, पतसंस्थेने किंवा फाउंड्रीवाल्याने कोल्हापूरच्या ट्रॅकवर एक मुलगी उभी करायची ठरवली, तर कागदावर काय लिहायचं ते सांगतो. तीन हंगाम. नुकसानीचं बिल देणाऱ्याचं, मर्यादा आधी ठरवून. पहिल्या दोन हंगामांत निकालाची अट नाही. महिला दिनाच्या कार्यक्रमाला येण्याची सक्ती नाही. तिसऱ्या हंगामाच्या शेवटी ती संथ निघाली तर करार संपला, दोन्हीकडून हात जोडायचे, आणि पुढच्या मुलीसाठी तोच कागद पुन्हा काढायचा.